शेवटचा हात आधी ठरवा

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या प्रदर्शनात मांडलेल्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती तुम्ही पाहिल्या असतील. तुमच्यापैकी काहींनी त्या स्वतः केल्याही असतील. आता अशा टेबलापुढे उभे राहिलात, तर गर्दी कोणत्या गाडीपुढे होते ते लक्ष देऊन पाहा. जी गाडी सर्वांत जास्त चकाकते, बहुधा तिच्यापुढेच. परीक्षकसुद्धा तिच्या टपावरून हळूच बोट फिरवतात, 'छान!' म्हणतात आणि पुढे जातात. शेजारच्या गाडीचा मालक हे सारे पाहत असतो. तो मनात ठरवून टाकतो, की पुढच्या वर्षी आपणही वरून भरपूर लॅकर मारायचे.

ही सवय मला चुकीची वाटते. प्रतिकृती रंगवून झाल्यावर तिच्यावर जो शेवटचा पारदर्शक हात देतात, तो केवळ शोभेचा भाग नाही. त्या गाडीवर पडणारा प्रकाश कसा परत यावा, हे आपण त्या हाताने ठरवत असतो. म्हणून तो द्यायचा शेवटी असला तरी ठरवायचा मात्र सुरुवातीलाच, आणि ठरवण्यापूर्वी तो करून पाहायचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी मोठ्या अधिकाराने सांगतो आहे असे समजू नका. मी हे एक चूक करून शिकलो. आणि त्या चुकीची किंमत मी नव्हे, तर एका नववीतल्या मुलाने मोजली.

टॅक्सीचे छप्पर

हा मुलगा आमच्याच इमारतीत राहतो. त्याचे आजोबा मुंबईत टॅक्सी चालवत. गाडी अर्थातच प्रीमियर पद्मिनी, काळ्या अंगाची आणि पिवळ्या छपराची. फियाटच्या रचनेवरून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आजोबांची गाडी त्यापूर्वी कितीतरी वर्षे मोडीत गेली होती. नातवाने ठरवले, की शाळेच्या प्रदर्शनासाठी आजोबांची टॅक्सी १:२४ या प्रमाणात करायची. खऱ्या गाडीची लांबी सुमारे ३.९ मीटर. तिला २४ ने भागा, म्हणजे प्रतिकृती साधारण १६ सेंटिमीटरची होते.

दिवाळीची सगळी सुट्टी त्याने या कामात घालवली. मऊ लाकडाचा ठोकळा कोरला, खड्ड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपरने घासघासून अंग गुळगुळीत केले, दारांच्या फटी धारदार पात्याने ओढल्या. मग हार्डवेअरच्या दुकानातून ऑइलपेंटचे दोन लहान डबे आणले. आधी सगळ्या अंगाला काळा रंग दिला. आठ-दहा दिवसांनी छपराला पिवळा दिला. प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, वरून काय मारू?"

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रकाशाच्या परावर्तनाची आकृती गेली अठरा-वीस वर्षे मी फळ्यावर काढत आलो आहे. तरी क्षणभरही विचार न करता मी म्हणालो, "चकचकीत लॅकरचा स्प्रे मिळतो, तो मार. आरशासारखी दिसेल गाडी." खाली कोणता रंग आहे, तो देऊन किती दिवस झाले, खरी गाडी कशी दिसत असे, यांतले मी काहीही विचारले नाही.

त्याच रात्री त्याने आमचे दार वाजवले. टॅक्सी त्याच्या हातात होती. काळे अंग ठीक होते. पिवळे छप्पर मात्र दुधावरच्या सायीसारखे सुरकुतले होते. तो काहीच बोलला नाही आणि मलाही काही बोलता आले नाही. त्या वर्षीच्या प्रदर्शनात त्याची टॅक्सी नव्हती. लोकांना ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या कोरड्या पाषाणाची म्हण त्या रात्री मला आठवत राहिली.

आता तुम्ही जरा विचार करा. लॅकर एकच, रात्र एकच, फवारणारा हात एकच. मग काळा रंग टिकला आणि पिवळा का सुरकुतला? फरक होता तो फक्त रंगांच्या वयात. पिवळा रंग दोनच दिवसांचा होता.

ऑइलपेंट दोन टप्प्यांत वाळतो. पहिल्या टप्प्यात त्यातला टर्पेंटाइनसारखा द्रावक उडून जातो आणि रंग हाताला चिकटेनासा होतो. आपण म्हणतो, 'वाळला'. पण खरे काम तर पुढेच असते. रंगातले तेल-राळेचे मिश्रण हवेतला ऑक्सिजन घेऊ लागते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि हळूहळू एक पक्के जाळे तयार होते. हे काम दिवसच्या दिवस चालते. दोन दिवसांच्या पिवळ्या थरात ते जाळे अर्धेमुर्धेच विणले गेले होते. लॅकरमधला तीव्र थिनर त्यात शिरला आणि थर फुगला. आडवे पसरायला जागा नव्हती, म्हणून तो वर उचलला गेला आणि सुरकुत्या पडल्या. दहा दिवसांच्या काळ्या थराचे जाळे तोवर बरेच घट्ट झाले होते, म्हणून तो वाचला. हाताला न चिकटणे आणि पक्के होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या छपराने आम्हा दोघांना शिकवले.

चमक म्हणजे काय?

पण समजा, छप्पर सुरकुतले नसते, तर माझा सल्ला बरोबर ठरला असता का? तसेही मला आता वाटत नाही. त्यासाठी चमक म्हणजे काय ते आधी पाहू.

चकचकीत पृष्ठभाग जास्त प्रकाश परत पाठवतो, असा पुष्कळांचा समज असतो. पारदर्शक लेपाच्या बाबतीत तो खरा नाही. व्हार्निश किंवा लॅकर यांचा वक्रीभवनांक १.५ च्या आसपास असतो. हवेतून सरळ खाली येणारा प्रकाश अशा पृष्ठभागावर पडला, तर किती परावर्तित होतो, याचे सूत्र सोपे आहे. १.५ मधून १ वजा करा, १.५ मध्ये १ मिळवा, पहिल्या संख्येला दुसरीने भागा आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करा. ०.५ भागिले २.५ म्हणजे ०.२, त्याचा वर्ग ०.०४. म्हणजेच शंभरातला चार भाग प्रकाश वरच्या पृष्ठभागावरूनच परततो. बाकीचा आत शिरतो, रंगाला भेटतो आणि रंगीत होऊन बाहेर येतो.

लेप चकचकीत असो वा निस्तेज, हे चार टक्के साधारण तेवढेच राहतात. बदलते ती त्यांची दिशा. गुळगुळीत लेपावरून ते एकाच दिशेने, शिस्तीत जातात. याला आपण नियमित परावर्तन म्हणतो. त्या दिशेला डोळा नेला तर खिडकीचे प्रतिबिंब दिसते. डोळा बाजूला घेतला की नुसता रंग दिसतो. निस्तेज म्हणजे मॅट लेपाचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केलेला असतो. त्यात सिलिकाचे अतिशय बारीक कण मिसळलेले असतात. डब्याच्या तळाशी ते बसतात, म्हणून असा डबा चांगला ढवळावा लागतो. या खडबडीत पृष्ठभागावरून ते चार टक्के दाही दिशांना विखुरतात. मग डोळा कुठेही ठेवा, थोडा पांढरा प्रकाश रंगात मिसळूनच येतो.

याचा परिणाम काळ्या रंगावर सर्वांत जास्त दिसतो. काळा रंग स्वतः फारच थोडा प्रकाश परत देतो. त्यात ही पांढऱ्याची भर पडली की तो करडा दिसू लागतो. उलट पिवळा स्वतःच भरपूर प्रकाश परत देतो, त्यामुळे त्याला ही भर फारशी जाणवत नाही. कोकणातल्या मुलांनी जांभ्याचा दगड पाहिलेला असतो. उन्हाळ्यात तो फिकट दिसतो आणि पहिल्या पावसात भिजला की गडद तांबडा होतो. तिथे पाण्याचा पातळ थर वरच्या खडबडीतपणाला झाकून ते विखुरणे कमी करतो. चकचकीत व्हार्निशही रंगावर असेच काम करते.

किती खडबडीतपणा चालतो? रॅले या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक अंदाज आहे. प्रकाश सरळ खाली पडत असेल, तर पृष्ठभागावरचे उंचसखलपण त्याच्या तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावे. तरच तो पृष्ठभाग प्रकाशाला गुळगुळीत वाटतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रोमीटर. तिचा आठवा हिस्सा जेमतेम ०.०७ मायक्रोमीटर! आपल्या बोटाला गुळगुळीत लागलेला पृष्ठभाग प्रकाशाला डोंगराळ वाटू शकतो, तो यामुळे.

प्रकाश तिरपा पडला, तर मात्र हीच अट सैल होते. वहीचे साधे पान डोळ्याच्या पातळीत आडवे धरा आणि त्यावरून खिडकीकडे पाहा. एरवी निस्तेज असणारे पान चमकू लागेल. कारखान्यात चमक मोजणारे यंत्र म्हणूनच ठरावीक कोन वापरते. सर्वसाधारण मोजणीसाठी तो ६० अंश असतो. १.५६७ वक्रीभवनांकाच्या घासून गुळगुळीत केलेल्या काळ्या काचेची चमक १०० मानून बाकीच्यांची तिच्याशी तुलना करतात. म्हणजे चमक हा आवडीनिवडीचा मोघम शब्द नाही; ती मोजता येते.

गाडी लहान होते, प्रकाश होत नाही

आता प्रतिकृतीकडे वळू. आपण गाडीची प्रत्येक लांबी २४ ने भागतो. पण काही गोष्टी भागायला तयार नसतात. प्रकाशाची तरंगलांबी तीच राहते. स्प्रेमधून उडणारे थेंब तेवढेच राहतात. लेपाची जाडीही आपोआप कमी होत नाही.

खऱ्या मोटारीवरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रोमीटर जाडीचा असतो. आपणही प्रतिकृतीवर ४० मायक्रोमीटरचा थर दिला असे धरू. त्याला २४ ने गुणा. जवळजवळ ९६० मायक्रोमीटर, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर! खऱ्या टॅक्सीवर १ मिलिमीटर जाडीची काच ओतल्यासारखे हे झाले.

दाराच्या फटीचे काय होते ते पाहा. खऱ्या गाडीत ती ४ मिलिमीटर आहे असे धरले, तर १:२४ मध्ये ती १६७ मायक्रोमीटर होईल. फटीच्या दोन्ही कडांना ४० मायक्रोमीटरचा थर बसला, की ८० गेले. उरली जेमतेम निम्मी फट. १:४३ प्रमाणाच्या गाडीत फट ९३ मायक्रोमीटरची; तिथे उरतात १३. आणि १:६४ च्या छोट्या गाडीत फट असते ६३ मायक्रोमीटरपेक्षाही कमी. म्हणजे ती बुजलीच! त्यातून पातळ द्रव पृष्ठताणामुळे धारदार कडांवरून मागे सरतो आणि खाचांत गोळा होतो. ज्या फटी त्या मुलाने पात्याने इतक्या जपून ओढल्या होत्या, त्याच सर्वांत आधी भरणार. गाडी चकाकेल, पण तिचे दार उघडते असे कुणाला वाटणार नाही.

थेंबांचेही तसेच. लांबून किंवा घाईने फवारले, तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. प्रतिकृतीवर १ मिलिमीटर रुंदीचा उंचवटा म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटरचा, आवळ्याएवढा. चमचमणाऱ्या धातूच्या रंगातले २० मायक्रोमीटरचे कण खऱ्या गाडीवर मोजले, तर अर्ध्या मिलिमीटरचे, रव्याच्या दाण्याएवढे होतील. लॅकरच्या जाड थराखाली ते अधिकच खुलून दिसतात आणि खोटेपणा उघडा पडतो. म्हणून लेप कोणताही निवडा, तो पातळ हवा. दोन पातळ हात एका जाड हाताहून केव्हाही बरे.

इथे एक शंका येईल. काही हौशी कारागीर म्हणतात, की प्रतिकृती लहान असते, म्हणून तिची चमकही प्रमाणात कमी करायला हवी. मला हे पटत नाही. टॅक्सीचे छप्पर हा एक बहिर्वक्र आरसा समजा. त्याचे नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या निम्मे. प्रतिकृतीत त्रिज्या २४ पट लहान झाली, म्हणून दूरच्या ढगाचे किंवा झाडाचे प्रतिबिंबही २४ पट लहान झाले. पण आपण प्रतिकृती पाहतोही तितक्याच जवळून. ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरी गाडी ७.२ मीटरवरून पाहणे. डोळ्यापाशी होणारा कोन तोच राहतो. तेव्हा केवळ गाडी लहान आहे एवढ्यासाठी चमक मारण्याचे कारण नाही. चमक कमी करायची ती खरी गाडी कमी चमकत असेल तर.

कोणत्या दिवसाची गाडी?

आणि खरी गाडी किती चमकत होती, हे मी विचारलेच नव्हते. विचारायला माणूस तर एकाच जिन्यावर होता!

पुढे एकदा आजोबांना सुरकुतलेले छप्पर दाखवून मी माझी चूक सांगितली. ते हसले. म्हणाले, "सर, आमची गाडी आरशासारखी कधी नव्हतीच. दसऱ्याला धुऊन, पॉलिश करून, झेंडूचा हार घातला की त्या दिवशी चमकायची. बाकी वर्षभर ऊन, धूळ आणि आमचं फडकं."

या तीन शब्दांत बरेच विज्ञान आहे. त्या काळच्या साध्या रंगाच्या गाड्यांवर वेगळा पारदर्शक थर नसे. चमक रंगातच असे. रंग आणि त्यावर पारदर्शक थर ही पद्धत जगभर रुळली ती १९८० नंतरच्या दशकात. उघड्या रंगावर उन्हातले अतिनील किरण पडले, की रंगकणांना धरून ठेवणारा पदार्थ हळूहळू झिजतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि हात फिरवला तर खडूसारखी भुकटी लागते. धुळीच्या फडक्याने पुसताना बारीक ओरखडे पडतात ते वेगळेच. म्हणजे रोज रस्त्यावर धावणारी टॅक्सी ना आरशासारखी असते, ना खडूसारखी. ती या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, मंद चमकीची असते.

म्हणून लेप निवडताना पहिला प्रश्न विचारा: ही कोणत्या दिवसाची गाडी आहे? दुकानातून नुकतीच बाहेर पडलेली नवी गाडी असेल, किंवा दसऱ्याची टॅक्सी असेल, तर चकचकीत लेप अगदी योग्य. वीस पावसाळे पाहिलेली गाडी असेल, तर मंद चमकीचा, ज्याला दुकानात सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस म्हणतात तो घ्या. टायर रबराचे, ते मॅट ठेवा. खिडक्यांच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर काहीच फवारू नका, कारण तीव्र द्रावकाने ते धुरकट होते. बंपरला लावलेल्या चंदेरी कागदावरही लेप नको. त्याची धातूसारखी झळाळी मंदावते. एकाच गाडीवर तीन प्रकारच्या चमका असणे हीच खऱ्या गाडीची खूण आहे. सगळीकडे सारखे लॅकर मारलेली गाडी मिठाईसारखी दिसते, गाडीसारखी नाही.

दुसरा प्रश्न: खाली कोणता रंग आहे? पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक व्हार्निश बहुतेक रंगांना उपद्रव देत नाही. त्याला वासही कमी असतो. ते थोडे मऊ राहते, पण काचेच्या पेटीत ठेवायच्या गाडीला तेवढे पुरते. थिनरवर चालणारे लॅकर पातळ बसते, लवकर वाळते, घासून पॉलिशही करता येते. मात्र खालच्या कच्च्या ऑइलपेंटला ते काय करते, ते तुम्ही वाचलेच. तेलाचे व्हार्निश सावकाश वाळते आणि वर्षे गेली की पिवळट पडते. पिवळ्या छपरावर ते लपेल, पण पांढऱ्या गाडीवर उठून दिसेल.

चौथा प्रकार खऱ्या मोटारींवर वापरतात तो, दोन डब्यांतले द्रव मिसळून तयार होणारा पॉलियुरेथेनचा लेप. तो सर्वांत कठीण आणि सर्वांत चकचकीत असतो. पण त्याच्या दुसऱ्या डब्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. ती श्वासावाटे गेल्याने दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवू शकत नाही. हा लेप घरी किंवा शाळेत वापरू नका. कोणत्याही बक्षिसासाठी नको. साधा स्प्रेसुद्धा उघड्या हवेत, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली मारा. गॅसची शेगडी, निरांजन, उदबत्ती जवळ असेल तर मुळीच नाही. त्याची वाफ पेट घेते.

चमच्यांची परीक्षा

तिसरी गोष्ट प्रश्न नाही, प्रयोग आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी आपण चमच्यावरून करायची. प्लॅस्टिकचे टाकाऊ चमचे घ्या. त्यांची पाठ बहिर्वक्र असते, अगदी गाडीच्या टपासारखी. गाडीला ज्या दिवशी जो हात द्याल, तोच हात त्याच दिवशी चमच्यांनाही द्या: आधी प्रायमर, मग रंग. रंगाला निदान आठवडाभर पक्के होऊ द्या. चमच्यावर नखाने दाबून खूण उठली, तर आणखी थांबा. मग एका चमच्याला चकचकीत, एकाला सॅटिन, एकाला मॅट लेप द्या आणि एक तसाच ठेवा. प्रत्येकाच्या दांड्यावर तारीख, लेपाचे नाव, हात किती आणि हवा कशी होती ते लिहा. दोन दिवस गाडीला हात लावू नका.

हवा का लिहायची? पावसाळ्यात फवारलेले लॅकर पुष्कळदा दुधी होते. द्रावक झपाट्याने उडतो, तेव्हा तो पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली थंड झाला, की हवेतली वाफ त्यावर जमते आणि ओल्या थरात अडकते. माठातले पाणी गार होणे आणि गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमणे, या दोन्ही गोष्टी तिथे एकदम घडतात. श्रावणात फवारलेला चमचा आणि मार्गशीर्षात फवारलेला चमचा शेजारी ठेवलात, तर हा फरक तुम्हाला दिसू शकेल.

चार चमचे आणि दोन दिवस. एवढे मी त्या मुलाला सांगितले असते, तर सुरकुती छपराऐवजी चमच्यावर पडली असती. घाई त्याची नव्हती. वर्गात 'प्रयोगाशिवाय निष्कर्ष नको' म्हणणाऱ्या माणसाने प्रयोगाशिवाय सल्ला दिला, हा दोष माझा.

नंतर आम्ही दोघांनी मिळून छप्पर घासून काढले. त्याने पुन्हा पिवळा रंग दिला, चमच्यांनाही दिला आणि या वेळी तीन आठवडे थांबला. चारही चमचे आजोबांपुढे ठेवले. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन एकेक तिरपा करून पाहिला आणि सॅटिनचा उचलला. "ही आमची," म्हणाले. ती टॅक्सी आता त्यांच्या खोलीत कपाटावर आहे. दाराची फट अजून स्पष्ट दिसते. प्रदर्शनात मात्र ती गेली नाही, आणि ते माझ्या खात्यावर राहिले.

प्रदर्शने भरवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रतिकृतीशेजारी चमचे लावलेला एक पुठ्ठाही मांडायला सांगा: कोणता लेप निवडला, का निवडला, कोणते नाकारले. गुण द्यायचे तर त्या पुठ्ठ्यालाही द्या. मग सर्वांत जास्त चकाकणारी गाडी आणि सर्वांत जास्त विचार केलेली गाडी यांतला फरक मुलांना आपोआप कळेल.

आणि मित्रांनो, तुम्ही पुढची गाडी करायला घ्याल तेव्हा पहिला रंग उघडण्यापूर्वी खऱ्या गाडीजवळ जा. ती गेली असेल, तर तिला ओळखणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. तिच्यावर ऊन पडले की कसे दिसायचे, ते विचारा. मग चमचे घ्या.